मातीतला बॅक्टेरिओफाज: नमुन्यापासून जीनोमपर्यंत, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा प्रकल्प ‘मातीतून बॅक्टेरिओफाज (जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू, थोडक्यात फाज) वेगळा करणे’ असा ठरला, की हातात बहुधा दोन पानांचा प्रोटोकॉल येतो. त्यात मापं असतात, वेळ असते, तापमान असतं. कुठल्या निकालावर विश्वास ठेवायचा, हे मात्र नसतं. मी हे काम स्वतः केलं आहे आणि नंतर आमच्या विभागात आलेल्या मुलामुलींना करतानाही पाहिलं आहे. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. प्लेटवर पहिला स्वच्छ डाग दिसतो, फाज मिळाला असं धरलं जातं आणि थेट डीएनए काढायची घाई सुरू होते. तो डाग फाजचा असेलच असं नाही. फाजचा असला तरी त्यात एकच फाज आहे, याची खात्री नसते. म्हणून या लेखात डाग ते शुद्ध फाज या टप्प्याला मी जास्त जागा दिली आहे. तेवढं नीट झालं की पुढचं काम बरंच सरळ जातं.

खालची मापं मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जिवाणूसाठी आहेत. हा क्षयाच्या जिवाणूचा मातीत राहणारा, लवकर वाढणारा आणि निरोगी माणसाला सहसा त्रास न देणारा नातेवाईक. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट आणि पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल यांनी २००८ साली सी-फेजेस हा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून या जिवाणूवरचे हजारो फाज फेजेसडीबी या खुल्या संग्रहात नोंदले गेले आहेत. तुमच्या फाजची तुलना करायला एवढी माहिती फार थोड्या जिवाणूंबाबत मिळते. माध्यमाचा खर्च परवडत नसेल, तर बॅसिलस सबटिलिस आणि साधा न्यूट्रिएंट अगार घेऊनही हेच टप्पे करता येतात. फक्त तापमान, वेळ आणि प्रतिजैविकं त्या जिवाणूप्रमाणे बदला.

१. आधी कागदपत्रं आणि सामान

जिवाणू मागवायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी उरका. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह आहे, एनसीसीएसचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. चंडीगडला इमटेकचा एमटीसीसी आहे. मागणी करताना एमसी-स्क्वेअर-१५५ हा स्ट्रेन मिळतो का, ते विचारा. फेजेसडीबीवरचे बहुतेक मायकोबॅक्टेरिओफाज त्याच स्ट्रेनवर मिळालेले आहेत.

हे कागद तयार ठेवा:

- विभागप्रमुखांच्या सहीचं मागणीपत्र आणि संग्रहाचा मटेरियल ट्रान्स्फरचा करार
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला दिलेली माहिती
- शेतातली माती असेल तर शेतकऱ्याची संमती, राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनखात्याची लेखी परवानगी
- नमुना किंवा फाज परदेशात पाठवायचा विचार असेल, तर जैवविविधता कायद्याखालच्या परवानगीबद्दल मार्गदर्शकांशी आधीच झालेलं बोलणं

सामानात ऑटोक्लेव्ह, ३७ अंशांचा इन्क्युबेटर आणि शेकर, ५० मिलीच्या नळ्या फिरवणारा सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ, पिपेट आणि ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर लागतील. फिल्टर पीईएस पडद्याचे घ्या. नायट्रोसेल्युलोजला प्रथिनं चिकटतात, त्यामुळे फाजही अडकून राहतात.

रसायनांत मिडलब्रूक ७एच९ द्रव माध्यम, प्लेटसाठी ७एच१०, अगार, कॅल्शियम क्लोराइड आणि फाज बफर हवा. बफरमध्ये १० मिलिमोलर ट्रिस असतं, पीएच ७.५. त्यात १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ६८ मिलिमोलर मीठ आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालायचं. कॅल्शियम ऑटोक्लेव्हमध्ये वेगळं निर्जंतुक करा आणि माध्यम थंड झाल्यावर घाला. एकत्र तापवलं तर माध्यमातल्या फॉस्फेटबरोबर त्याचा साका बसतो. हा घटक टाळू नका, कारण बऱ्याच मायकोबॅक्टेरिओफाजना संसर्गासाठी कॅल्शियम लागतं.

२. माती कुठली घ्यावी

ओलसर, सेंद्रिय आणि सावलीतली माती घ्या. शेणखताचा उकिरडा, गांडूळखताचा वाफा, पालापाचोळा कुजलेला बांध, कुंडीच्या तळाची माती, या सगळ्या जागा चांगल्या. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या काळ्या रानातली माती आणली तर हाती काही लागण्याची शक्यता कमी. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत काम सुरू करता आलं तर उत्तम. जागा फार साधी वाटली म्हणून सोडून देऊ नका. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला २०१० साली एका विद्यार्थिनीला कुजक्या वांग्याच्या खालच्या बाजूवर मडी नावाचा फाज मिळाला. पुढे लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या १५ वर्षांच्या एका मुलीच्या शरीरात फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर औषधांना न जुमानणारा मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस संसर्ग पसरला. तिच्यावर ज्या तीन फाजांचं मिश्रण वापरलं गेलं, त्यात मडी होता. तो अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला.

वरचा कोरडा थर बाजूला सारून चार-पाच सेंटिमीटर खालची माती स्वच्छ चमच्यानं घ्या. जागेवरच वहीत लिहा: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, हवेचं तापमान, मातीचा पोत, आजूबाजूची झाडं. मोबाइलनं फोटो काढा. पुढे जीनोम नोंदवताना ही माहिती मागितली जाते आणि तेव्हा आठवून लिहिलेली नोंद कामाची नसते. माती लगेच वापरणार नसाल तर ४ अंशांवर ठेवा, वाळू देऊ नका. दोन ठिकाणच्या माती कधीही एकत्र करू नका. फाज मिळाला तरी तो कुठला, हे मग कुणीच सांगू शकणार नाही.

३. जिवाणू तयार ठेवणं

स्मेग्मॅटिसच्या पेशी मेणचट असतात आणि द्रव माध्यमात त्यांच्या गुठळ्या होतात. त्या होऊ नयेत म्हणून सुरुवातीच्या कल्चरमध्ये ट्वीन ८० हे साबणासारखं रसायन घालतात. पण ट्वीन असलं की बरेच फाज पेशीला नीट चिकटत नाहीत. म्हणून ट्वीनच्या कल्चरमधून १:१००० प्रमाणात ट्वीन नसलेल्या, १ मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या ७एच९ मध्ये नवीन कल्चर लावा. प्लेटसाठी फक्त हे दुसरं कल्चर वापरायचं. एकही प्लाक (फाजनं जिवाणू मारल्यामुळे थरात पडलेलं स्वच्छ भोक) येत नसेल, तर सगळ्यात आधी ट्वीन कुठून आलं का ते पाहा.

स्मेग्मॅटिसला कार्बेनिसिलिन चालतं. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली एवढं घातलं तर इतर बरेच जिवाणू थांबतात. बुरशीसाठी सायक्लोहेक्झिमाइड वापरतात. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच तोला. दर आठवड्याला कल्चर प्लेटवर रेघा ओढून तपासा. कोरड्या, सुरकुतलेल्या, फिकट रंगाच्या वसाहतींखेरीज काही दिसलं, तर ते कल्चर टाकून द्या.

४. मातीतून फाज पाण्यात आणणं

५० मिलीच्या नळीत साधारण १५ मिलीच्या खुणेपर्यंत माती भरा आणि ३५ मिलीपर्यंत ७एच९ घाला. एक-दोन तास शेकरवर हलवा. मग २,००० जीवर १० मिनिटं फिरवा आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. चिकण माती फिल्टर लगेच तुंबवते. तशी असेल तर आधी दोनदा फिरवा. पिस्टन जोरात दाबू नका. पडदा फाटला तर जिवाणू गाळलेल्या द्रवात (पुढे ‘गाळ’ म्हटलंय तो हाच, तळाचा साका नव्हे) उतरतात आणि ते कळतही नाही.

या गाळाचे दोन भाग करा. एक भाग थेट प्लेटवर जाईल. दुसऱ्यात अर्धा मिली स्मेग्मॅटिस घालून ३७ अंशांवर दोन ते पाच दिवस हलवत ठेवा. दुसऱ्या पद्धतीला एनरिचमेंट म्हणतात. थोडेसे फाज असले तरी ते वाढून दिसू लागतात, म्हणून फाज मिळण्याची शक्यता तिथे जास्त. पण सर्वांत वेगानं वाढणारा फाज इतरांना मागे टाकतो आणि मातीतली विविधता हरवते. दोन्ही करा. थेट प्लेटवर काही आलं तर त्याला पहिली पसंती द्या, असं माझं मत आहे.

५. प्लेट ओतणं आणि नियंत्रण प्लेटा

टॉप अगार म्हणजे ०.३५ ते ०.४ टक्के अगार असलेलं कॅल्शियमयुक्त ७एच९. तो पूर्ण वितळवून ५० अंशांच्या आसपास वॉटर बाथमध्ये ठेवा. अर्धा मिली जिवाणूत अर्धा मिली गाळ मिसळा आणि १० मिनिटं स्थिर ठेवा, म्हणजे फाज पेशीला चिकटतील. मग सुमारे ४ मिली टॉप अगार घालून लगेच प्लेटवर ओता आणि हलकेच फिरवून पसरवा. हात संथ ठेवा, पण थांबू नका. रेंगाळलात तर अगारच्या गाठी होतात आणि जोरानं पिपेट केलं तर बुडबुडे येतात. दोन्ही दुसऱ्या दिवशी प्लाकसारखे दिसतात. थर घट्ट झाल्यावरच प्लेट उलटी करा. ओल्या प्लेटच्या झाकणावरचं पाणी खाली ओघळलं तर प्लाक एकमेकांत मिसळतात.

दर वेळी दोन जास्तीच्या प्लेटा लावा. एकीवर फक्त जिवाणू आणि बफर, दुसरीवर जिवाणूंशिवाय गाळ. पहिलीवर भोकं दिसली तर कल्चर किंवा बफरमध्ये आधीच फाज शिरला आहे. हे आमच्यासारख्या प्रयोगशाळांत वारंवार होतं, कारण फाज बराच काळ बाकांवर आणि पिपेटमध्ये टिकतात. दुसरीवर वसाहती आल्या तर फिल्टर निकामी. या दोन प्लेटा नसतील तर बाकीच्या प्लेटांवर काहीही दिसलं तरी ते धरू नका. निकाल २४ ते ४८ तासांनी बघा.

६. डाग म्हणजे फाज नव्हे

एनरिचमेंटचा गाळ तपासायला बहुतेक जण स्पॉट टेस्ट करतात: जिवाणू आणि टॉप अगारचा थर घालून त्यावर ५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवायचे. थेंबाखाली स्वच्छ वर्तुळ आलं की आनंद होतो. पण मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिससारख्या जिवाणूंनी सोडलेलं प्रतिजैविकही असंच वर्तुळ करतं. क्लोरोफॉर्म वापरलं असेल आणि ते पूर्ण उडालं नसेल तर तेही करतं. फाज प्रचंड संख्येनं एकदम चिकटले तर पेशी बाहेरूनच फुटतात, फाज आत वाढलेला नसतो.

फरक ओळखायला गाळाचं विरलीकरण करा. ९० मायक्रोलिटर बफरमध्ये १० मायक्रोलिटर गाळ, त्यातून पुढच्या नळीत १०, असं दर पायरीला दहापट विरळ करत मायनस १ पासून मायनस ८ पर्यंत. प्रत्येक नळीला नवी टिप. आता या सगळ्या नळ्यांचे थेंब एकाच प्लेटवर ओळीनं ठेवा. प्रतिजैविक असेल तर वर्तुळ पायरीपायरीनं फिकट होत नाहीसं होतं. फाज असेल तर एका टप्प्यावर सलग वर्तुळ तुटतं आणि त्याच्या जागी मोजता येतील असे सुटे प्लाक दिसतात. सुटे प्लाक दिसल्याशिवाय वहीत ‘फाज मिळाला’ असं लिहू नका. आणखी खात्री हवी असेल तर एक प्लाक उचलून नव्या कल्चरवर वाढवा. फाज वाढतो, रसायन प्रत्येक फेरीत विरळ होत जातं.

७. शुद्धीकरण: घाई नको असा टप्पा

इतरांपासून नीट सुटा असलेला एक प्लाक निवडा. निर्जंतुक टिपचं टोक त्याच्या मधोमध टेकवा आणि १०० मायक्रोलिटर फाज बफरमध्ये बुडवा. अगार खरवडून घेऊ नका. त्याचं विरलीकरण करून पुन्हा पूर्ण प्लेटा ओता आणि पुन्हा एक सुटा प्लाक घ्या. असं किमान तीनदा करायचं. तिन्ही फेऱ्यांत प्लाक एकसारखे दिसायला हवेत. वेगळे दिसले तर फेऱ्या वाढवा.

आकारातला थोडा फरक मात्र घाबरण्यासारखा नाही. ज्या कणाचा संसर्ग उशिरा सुरू झाला त्याचा प्लाक लहान राहतो. दाटीवाटीतलेही लहान राहतात. शंका असेल तर एक मोठा आणि एक लहान प्लाक वेगवेगळे उचला आणि वेगळ्या प्लेटांवर वाढवा. दोन्ही प्लेटांवर पुन्हा लहान-मोठे मिसळून आले तर फाज एकच आहे. एकीवर फक्त मोठे आणि दुसरीवर फक्त लहान आले तर तुमच्याकडे दोन फाज आहेत. दोघांना वेगळे क्रमांक द्या.

प्रत्येक फेरीत व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, किमान दहा प्लाकचा. कडा धारदार की धूसर, भोवती वलय आहे का, मध्य स्वच्छ की दुधट, तेही लिहा. दुधट मध्य म्हणजे आत काही जिवाणू जिवंत राहिलेत, म्हणजे फाज बहुधा टेम्परेट आहे: पेशीत लपून राहू शकणारा. नुसत्या दिसण्यावरून निष्कर्ष काढू नका. मध्यातले जिवाणू काढून शुद्ध करा आणि त्यांच्यावर तोच फाज टाका. ते तगले आणि मूळ जिवाणू मेले, तर लायसोजेन (आत फाज लपलेला जिवाणू) मिळाल्याचा तो मोठा पुरावा. मात्र साध्या प्रतिकारामुळेही जिवाणू तगू शकतात, म्हणून लायसोजेनच्या कल्चरमधून फाज आपोआप बाहेर पडतो का, तेही पाहा.

८. लायसेट आणि टायटर

शुद्ध फाजचं असं विरलीकरण शोधा ज्यात प्लाक जवळजवळ एकमेकांना भिडतात आणि मधे जिवाणूंची बारीक जाळी उरते. या जाळीदार प्लेटवर ८ मिली फाज बफर ओता, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, सकाळी द्रव गोळा करून फिरवा आणि गाळा. हे तुमचं लायसेट. पूर्ण साफ झालेली प्लेट यासाठी घेऊ नका. जिवाणू लवकर संपले की फाजची पैदासही लवकर थांबते.

टायटर म्हणजे एका मिलीत किती फाज आहेत ते. त्याचा हिशोब सोपा आहे. मायनस ६ च्या नळीतले १० मायक्रोलिटर टाकले आणि ४६ प्लाक आले, तर ४६ भागिले ०.०१ मिली, गुणिले दहा लाख. म्हणजे मिलीला ४.६ अब्ज पीएफयू (प्लाक करणारे कण). मोजायला ३० ते ३०० प्लाकची प्लेट निवडा. डीएनए आणि सूक्ष्मदर्शकासाठी मिलीला किमान एक अब्ज तरी हवेत.

लायसेट ४ अंशांवर महिनोन्महिने टिकतं. एक भाग ग्लिसरॉल घालून उणे ८० वर ठेवा. आपल्याकडे वीज जाते आणि फ्रिज बंद पडतात, म्हणून एक संच दुसऱ्या खोलीतल्या फ्रिजमध्येही ठेवा.

९. सूक्ष्मदर्शकाखाली

ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक स्वतःच्या विभागात नसतो. विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या सामायिक सुविधेत पैसे भरून वेळ घ्यावी लागते, ती आधीच नोंदवा. कार्बनचा थर असलेल्या ग्रिडवर लायसेटचा थेंब दोन मिनिटं, मग पाण्यानं धुणं, मग १ टक्का युरॅनिल ॲसिटेट. हे रसायन विषारी आणि किरणोत्सर्गी आहे, त्याचा कचरा वेगळा गोळा करा.

किमान पाच कणांचं डोकं आणि शेपटी मोजा. मायकोबॅक्टेरिओफाज बहुतेक लांब, लवचीक शेपटीचे असतात. काहींना आकुंचन पावणारी जाड शेपटी असते. जुन्या पुस्तकांत यांना सायफोव्हिरिडी, मायोव्हिरिडी ही कुळं म्हणतात. आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीनं २०२२ साली ही कुळं रद्द केली. शेपटीवाले सगळे आता कॉडोव्हिरिसेटिस या वर्गात येतात. प्रबंधात ‘सायफो आकाराचा’ असं वर्णन चालतं, कुळ म्हणून लिहू नका. परीक्षक हमखास विचारतात.

१०. डीएनए आणि कापणी

लायसेटमध्ये फुटलेल्या जिवाणूंचा डीएनए भरपूर असतो. म्हणून आधी डीएनेझ आणि आरएनेझ घालून तो खाऊ द्या. फाजचा डीएनए डोक्यात सुरक्षित असतो. मग डीएनेझ निष्क्रिय करून प्रोटिनेझ के आणि एसडीएसनं डोकं फोडा, फिनॉल-क्लोरोफॉर्मनं स्वच्छ करा आणि इथेनॉलनं खाली बसवा. २६०/२८० चं प्रमाण १.८ च्या आसपास यायला हवं.

इकोआरवन, हिंडथ्री, बॅमएचवन, क्लावन आणि हेथ्री ही विकरं वापरून कापा आणि शेजारी न कापलेला डीएनए चालवा. एखादं विकर अजिबात कापत नसेल, तर त्या जागा नसतील किंवा डीएनएवर रासायनिक बदल असेल. जेलवर चढवण्याआधी नमुना ६५ अंशांवर दहा मिनिटं तापवा. काही फाजांची टोकं एकमेकांना चिकटतात, त्यामुळे नाहीतर एक पट्टा जास्तीचा दिसतो.

११. वाढ, तग आणि यजमान

एका टप्प्याचा वाढवक्र एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ साली मांडला, आजही तीच पद्धत चालते. फाज जिवाणूंपेक्षा बरेच कमी घ्या, चिकटू द्या, विरळ करा आणि ठरावीक वेळेनं टायटर मोजा. ई. कोलायवरच्या टी४ फाजला पेशी फोडायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. स्मेग्मॅटिसचं चक्र संथ असतं, त्यामुळे चार-पाच तासांची तयारी ठेवा आणि सोबतीला कुणीतरी घ्या. तापमान आणि पीएच यांची तग चाचणी सोपी आहे, ती शेवटी करा. यजमान-व्याप्तीसाठी इतर मायकोबॅक्टेरियांवरही विरलीकरणासह थेंब टाका. सहाव्या टप्प्यातली खबरदारी इथेही तशीच लागू आहे.

१२. जीनोम

फाजचा जीनोम लहान असतो. ५० हजार बेसजोड्यांच्या जीनोमला १०० पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी १०० वेळा वाचणं) म्हणजे फक्त ५० लाख बेस, त्यामुळे दोन-तीन मित्रांनी नमुने एकत्र दिले तर खर्च वाटला जातो. वाचलेल्या तुकड्यांच्या जुळणीत दोन वेगळे लांब तुकडे आले तर सातव्या टप्प्याकडे परत जा, शुद्धीकरण अपुरं राहिलं आहे.

फॅरोक्कासारखी संगणकी साधनं जनुकं आपोआप दाखवतात, पण त्यांची सुरुवात अनेकदा चुकवतात. फाजची जनुकं एकमेकांना खेटून असतात, कधी चार बेसांनी एकमेकांवर चढलेली. प्रत्येक सुरुवात ब्लास्ट या तुलनेच्या साधनात जवळच्या फाजांशी ताडून पाहा. इंटिग्रेज जनुक (फाजला जिवाणूच्या डीएनएत शिरू देणारं) सापडलं आणि प्लाक दुधट होते, तर दोन पुरावे जुळले. सगळ्या जीनोमवर ९५ टक्क्यांहून जास्त साम्य असेल तर तुमचा फाज आधीच्याच स्पीशीजमधला आहे, ७० टक्क्यांच्या वर असेल तर त्याच जीनसमधला. जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहात नोंद करताना मातीची तारीख आणि अक्षांश-रेखांश द्या. फाजचं नाव ठरवण्याआधी ते फेजेसडीबीवर आधी कुणी घेतलं नाही ना, ते शोधून पाहा.